डबे दोन, डबी एकच

आमचे सर कंस उघडायच्या आधी मिटायचे. कागदावर आधी उजवीकडचा कंस काढायचे, मग डावीकडचा, आणि मग मधल्या जागेत काय भरायचं याचा विचार करायचे. उघडलंस आणि तेवढ्यात फोन आला तर? लाईट गेली तर? म्हणून आधी मिट, मग भर, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. आठवडाभरात कळलं की चेष्टा या माणसाला येतच नाही.

सोलापुरात, शुक्रवार पेठेत, एका भुसार मालाच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. वेबसाइट कशी बनवायची ते शिकवायचे. खालून मिरचीचा खकाणा वर यायचा, त्यामुळे आमच्याकडचा प्रत्येक विद्यार्थी शिंकत शिंकत शिकला. मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. सहा महिन्यांचा कोर्स म्हणून गेले आणि शिकवायला हातभार लावता लावता चार वर्षं तिथंच राहिले. आता तो क्लास नाही. पोरं मोबाईलवर बघून शिकतात, सर आणि त्यांच्या बायको, आमच्या काकू, दुधनीला शेतावर राहायला गेले, आणि त्या खोलीत दुकानदारानं पोती रचली आहेत.

सर मूळचे दुधनीचेच. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि घाबरले की दोन्ही एकदम. घाबरायचे मात्र रोज. क्लासला कुलूप लावून आम्ही कोपऱ्यापर्यंत जायचो की ते थांबायचे, खिशातली किल्ली चाचपायचे आणि विचारायचे, लावलं का गं? मी म्हणायचे, लावलं की सर, माझ्यासमोर लावलंत. तरी परत जायचे. कुलूप तीनदा ओढून बघायचे, तिसऱ्यांदा जरा जोरात. मग मला घरी पोचल्यावर फोन करायला सांगायचे, आणि मी करायच्या आधी त्यांचाच यायचा. माझी आई म्हणायची, तुझ्या सरांना पोटची पोरगी नाही ते बरं, बिचारी शाळेत तरी गेली असती का कोण जाणे.

कुणाच्या घरी गेले तर चपला दाराकडं तोंड करून काढायचे आणि बसायच्या आधी किती वाजता उठणार ते सांगून टाकायचे. एका विद्यार्थ्याच्या लग्नात अक्षता पडायच्या आधीच ते नवरदेवाला भेटून, निरोप घेऊन आले. मग निवांत मागं बसले आणि सगळ्यांत शेवटी जेवून निघाले. एकदा निरोप घेऊन झाला की त्यांना घाई नसायची.

मोजायचे शून्यापासून. यादीतला पहिला माणूस शून्य नंबरचा, हे वेबच्या भाषेत खरंच तसं असतं, पण सरांनी ते संसारात आणलं होतं. खिडकीतून चहावाल्याला ओरडायचे, "सोन्ने, ओंदु, एरडु." शून्य, एक, दोन. चहावाला जुना, तो बरोबर तीन कप आणायचा. एकदा त्याच्याकडं नवा माणूस होता, त्यानं दोनच आणले. सरांनी स्वतःचा चहा मला दिला आणि दुपारभर चुकचुकत राहिले, की आपण त्याला नीट समजावून सांगायला पाहिजे होतं.

पहिला महिना ते कुणाला कीबोर्डला हात लावू द्यायचे नाहीत. चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर. यादी काढा. आता यादीत यादी काढा. आता त्या आतल्या यादीत आणखी एक. निम्मी पोरं इथंच पळून जायची. जी राहायची त्यांच्यासाठी डबे निघायचे. काकूंच्या स्वयंपाकघरातले एकात एक बसणारे स्टीलचे सगळे डबे क्लासात होते आणि घरी मोहरी, जिरं, हळद कागदाच्या पुड्यांत. काकू एकदा जिना चढून वर आल्या आणि मलाच विचारलं, बाई, तुमचं शिक्षण कधी संपतंय तेवढं सांगा, मला मसाला कुटायचाय. सरांनी एक डबा परत दिला. सर्वांत लहान. तोही दुसऱ्या दिवशी परत क्लासात आला.

त्यांचा सगळ्यांत गाजलेला पाठ शेंगांचा. टेबलावर दोन मोठे डबे मांडायचे, रिकामे. मधोमध एक छोटी डबी, तिच्यात दहा शेंगदाणे. दोन्ही डब्यांतून एकेक दोरा काढून तो त्या डबीला बांधायचे. आणि विचारायचे, या डब्यात शेंगा किती? दहा. त्या डब्यात? दहा. मग डबीतले चार दाणे स्वतः खायचे. सावकाश, चावून. आता या डब्यात किती? सहा. त्या डब्यात? सहाच. त्यातले कुणी खाल्ले? कुणीच नाही. "बघा. डबे दोन, डबी एकच. हात एकीकडं घातला की चोरी दोन्हीकडं होतीय," असं म्हणून उरलेले दाणे वर्गात वाटायचे.

याचा अर्थ असा, की वेबच्या एका भाषेत, पीएचपीत, तुम्ही यादीची नक्कल केली की आतल्या सगळ्या याद्यांसकट नवं कोरं मिळतं. सर तिला भोळी म्हणायचे. दुसरी भाषा जावास्क्रिप्ट. ती नक्कल म्हटलं की वरचा डबा तेवढा नवा देते आणि आत जुन्याच डबीकडं जाणारा दोरा. दिसायला दोन याद्या. एकीत नाव खोडलं की दुसरीतलंही जातं. म्हणून जावास्क्रिप्टमध्ये प्रत्येक थर आपल्या हातानं नवा करावा लागतो. आमच्यातल्या कुणीही नक्कल केली की सर मागून येऊन एकच विचारायचे, आतली डबी नवी घेतली का? मी तीन वर्षं पीएचपीत वाढलेली. माझ्या हाताला भोळ्या बाईची सवय होती, आणि मला वाटायचं की मला सगळं येतं.

एका संस्थेचं डायलिसिस केंद्र होतं, तिथलं काम सरांकडं आलं. किडनी बंद पडलेल्या माणसाचं रक्त मशीननं साफ करायचं, आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, चार-चार तास. मशिनं थोडी, माणसं फार. कुणाची पाळी कधी, हे आतापर्यंत भिंतीवरच्या फळ्यावर असायचं. त्यांना ते कॉम्प्युटरवर हवं होतं. आठवड्यात सात वार, वारात तीन शिफ्ट, शिफ्टमध्ये नावं. सर म्हणाले, बघ, सगळे डबेच हायत. पण हे म्हणताना त्यांचा चेहरा उतरला होता. या डब्यांत शेंगा नव्हत्या.

मी ते लिहिलं, त्यांनी ओळ न् ओळ वाचलं, आणि ते चालू झालं. पण सरांच्या जिवाला चैन नाही. रोज सकाळी साडेसहाला ते चौकटीची वही घेऊन केंद्रात जायचे. वहीत प्रत्येक रुग्णाचे वार पेन्सिलीनं लिहिलेले. बाकड्यावर बसलेल्या माणसांची नावं विचारायचे, वहीत बघायचे, मग स्क्रीनवर बघायचे. सहा महिन्यांत एक चूक सापडली नाही, तरी गेले. तिथल्या मोठ्या सिस्टर त्यांना म्हणायच्या, सर, तुम्हालाही एखाद्या मशीनला लावू का, एवढे रोज येताय तर. सर हसायचे नाहीत. माझी शिफ्ट कोणती, असं विचारायचे.

बाकड्यावरच्या सगळ्यांशी त्यांची ओळख झाली होती. मोहोळचे एक आजोबा होते, धोतर, टोपी, मांडीवर पिशवी आणि पिशवीत घडी घातलेली चादर. दर सोमवारी आणि गुरुवारी पहाटेच्या एसटीनं यायचे. फार पाणी प्यायचे, त्यावरून सिस्टर त्यांच्यावर ओरडायच्या, आणि सर त्यांच्याशी दुष्काळावर बोलत बसायचे.

एक दिवस मीच भडकले. सिस्टरनी माझ्यासमोर परत ती मशीनची चेष्टा केली होती आणि मला लाज वाटली. क्लासात येऊन सरांना म्हणाले, तुम्ही रोज जाऊन तपासता म्हणजे मी केलेल्यावर तुमचा विश्वास नाही असंच ना? लोक हसतात तुम्हाला. आणि मला. एकदा तरी विश्वास ठेवून बघा की. बरंच बोलले. सर पेन्सिलीला टोक करत होते, ते करतच राहिले. टोक मोडलं, परत केलं. दुसऱ्या दिवशी ते केंद्रात गेले नाहीत. मला जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्याच आठवड्यात सिस्टरनी एक बटण मागितलं. दर आठवड्याला नावं पुन्हा भरायला नकोत, हाच आठवडा पुढच्या आठवड्यावर उतरून घ्यायचा, मग काय बदल असतील ते करायचे. दहा मिनिटांचं काम. जावास्क्रिप्टमध्ये यादीच्या नावाआधी तीन टिंबं टाकली की नक्कल होते. मी तीन टिंबं टाकली, बटण दाबून बघितलं, पुढचा आठवडा भरलेला दिसला. मी मोबाईल हातात घेतला. सर मागं येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, आतली डबी नवी घेतली का? मी मोबाईलवरून मान वर न करता म्हणाले, "व्हय सर."

ते थोडा वेळ उभे राहिले. मग आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

पुढं जे झालं ते असं. बुधवारी सिस्टरनी बटण दाबून पुढचा आठवडा तयार केला. तेव्हाच जतन करून पान बंद केलं आणि पुन्हा उघडलं असतं तर दोन्ही आठवडे वेगळे झाले असते आणि काहीच बिघडलं नसतं. पण मोहोळच्या आजोबांनी सांगून ठेवलं होतं, पुढच्या गुरुवारी नातीची सुपारी फोडायचीय, तेवढं शुक्रवारी ढकला. सिस्टरनी त्याच बैठकीत, त्याच पानावर, पुढच्या गुरुवारातून त्यांचं नाव काढलं, शुक्रवारात घातलं, आणि जतन केलं. या आठवड्याच्या गुरुवारातूनही ते निघालं आणि याच आठवड्याच्या शुक्रवारात गेलं. मधे गुरुवारी जागा मोकळी दिसली, ती वाट बघणाऱ्या एका बाईंना दिली गेली. यात केंद्रातल्या कुणाचंच काही चुकलं नाही. सगळ्यांनी स्क्रीनवर जे होतं ते वाचलं.

गुरुवारी सकाळी आजोबा आले. सिस्टर रजेवर होत्या, नवा टेक्निशियन होता. त्यानं बघितलं आणि सांगितलं, बाबा, तुमचं नाव आज नाही, उद्या आहे, उद्या या. आजोबा उठले आणि स्टँडकडं गेले.

सर आठ दिवस केंद्रात गेले नव्हते. त्या दिवशी त्यांना राहवलं नाही. साडेदहाला गेले, मी तपासायला नाही आलो, इकडून चाललो होतो, असं म्हणत गेले, आणि सहज विचारलं, मोहोळचे आत लागले का?

मला फोन आला तेव्हा मी क्लासात होते. सर एवढंच म्हणाले, आजोबांचं नाव उद्याला हाय, आणि त्यांना परत पाठवलंय. मी फाइल उघडली. तीन टिंबं होती, एकदाच, फक्त वरच्या डब्याला. वार जुने, शिफ्ट जुन्या, नावं जुनी. मला मागच्या आठवड्यातली माझी मान, माझा मोबाईल, माझं व्हय, सगळं एकदम आठवलं. सोमवारपासून चौथा दिवस. अंगातलं पाणी बाहेर काढणारं दुसरं काही त्या माणसाकडं नव्हतं.

केंद्रात लिहून ठेवलेला त्यांच्या नातवाचा नंबर लागत नव्हता. आम्ही सोलापूरच्या स्टँडवर गेलो, मोहोळची गाडी सुटून तास झाला होता. सर स्कूटरवर बसले आणि म्हणाले, बस मागं. हा माणूस तिशीच्या वर कधी स्कूटर चालवायचा नाही. बैल आडवा आला तर काय, असं पेठेतसुद्धा म्हणायचा. त्या दिवशी हायवेवर ट्रकच्या शेजारून आम्ही गेलो आणि काटा साठीच्या पुढं होता. दर दोन मिनिटांनी ते विचारत होते, मागं हायस न्हवं? मी म्हणत होते, आहे सर. मनात आकडेच आकडे. गाडीला किती वेळ, घर किती लांब, चालत गेले असतील तर किती. घरी पोचलेले असू देत, असं मी म्हणत होते, आणि घरी नको, घर आम्हाला माहीत नाही, असंही म्हणत होते.

आजोबा मोहोळच्या स्टँडवरच होते. गाडीतून उतरले आणि पुढं चालवेना म्हणून चहाच्या टपरीशेजारी बाकावर बसले होते, पिशवी मांडीवर, तोंड उघडं. पाय इतके सुजलेले की चपला काढून बाजूला ठेवलेल्या. सरांना बघून उठायला लागले.

"तुमी कशाला तरास घेतलासा, मास्तर," ते म्हणाले. एकेका शब्दाला थांबत होते. "उद्याला या म्हनले. म्हनलं, येतो उद्या. मशिनीत नाव न्हाय तर त्याला कोन काय करनार."

सर खाली बसले, त्यांच्या पायांपाशी, स्टँडवरच्या त्या धुळीत, आणि कानडीत काहीतरी पुटपुटायला लागले. मला कानडी येत नाही, पण देवाला म्हणत नव्हते एवढं कळलं. ते आजोबांनाच म्हणत होते. मी जीप बघायला धावले.

केंद्रातल्या डॉक्टरांनी राखीव ठेवलेलं मशीन काढलं. दोन माणसांनी आजोबांना आत नेलं, तोंडावर ऑक्सिजन लावला. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, आता बरे आहेत, पण उद्यापर्यंत थांबला असतात तर मी तुम्हाला काही सांगू शकलो नसतो. आजोबा त्यानंतर दोन वर्षं येत राहिले आणि नातीच्या लग्नाचे लाडूही घेऊन आले. पण हे आता सांगायला सोपं आहे. त्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, हे कुणी लिहिलंय? आणि सर म्हणाले, मी.

मी शेजारी उभी होते. दुसऱ्या दिवशी जाऊन डॉक्टरांना खरं सांगितलं, पण त्या दिवशी तोंड उघडलं नाही, हेही तितकंच खरं.

डॉक्टर गेल्यावर आम्ही बाकड्यावर बसलो. सरांच्या धुळीनं भरलेल्या पँटीकडं मला बघवेना.

"सर," मी म्हणाले, "तुम्ही विचारलंत तेव्हा मी बघितलंच नव्हतं. खोटं बोलले मी."

"ठाऊक हाय की."

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसावं. मी परत सांगितलं.

"ठाऊक हाय गं," ते म्हणाले. "तू व्हय लई लवकर म्हणालीस. तीन थर हायत. एकेक आठवायचा म्हटलं तरी माणूस थोडा थांबतोय."

"मग तुम्ही का नाही उघडून बघितलं?"

ते काचेतून आत बघत होते. आजोबांच्या दंडातून निघालेली नळी दिसत होती आणि टोपी उशीशेजारी ठेवली होती. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी रागवावं असंच मला वाटत होतं.

"उघडली होती," ते म्हणाले. "तू घरी गेल्यावर. फाइल समोर होती, चष्मा पण लावला होता. मग म्हटलं, पोरगी म्हणतीय तुमचा इश्वास न्हाय. जन्मात एकदा तरी न तपासता ठेवून बघावा. आन् न वाचताच मिटली."

मी रडायला लागले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तो धुळीचा होता म्हणून परत ठेवला.

"तुझं मन राखलं गं मी," सर म्हणाले, "आन् त्या माणसाला स्टँडवर बसवला."